लेक आयल्डनची मुलं: कल्टमधल्या बालपणावरच्या प्रेम-रहस्यकथांमागचा इतिहास

एका बंदिस्त पंथात वाढलेले दोघं जण. मोठेपणी वेगवेगळ्या शहरांत, बदललेल्या नावांनी राहतात. मग एक दिवस पंथाची जुनी जागा विकायला निघते, किंवा पंथाची 'आई' मरते, किंवा तिथल्या जमिनीत काहीतरी सापडतं, आणि दोघांना पुन्हा एकमेकांसमोर यावं लागतं. इंग्रजीत ज्याला रोमँटिक सस्पेन्स म्हणतात, त्यात ही चौकट आता चांगली रुळली आहे. केस रंगवलेली, एकसारख्या कपड्यांतली मुलं, खोटे जन्मदाखले, दाराशी अनोळखी माणूस आला की लपून बसणं हे सगळं वाचताना लेखकाने जरा ताणलंय असं वाटतं. पण यातली प्रत्येक गोष्ट घडलेली आहे आणि पोलिसांच्या नोंदींत आहे. तिचा माग घेत गेलं की आपण ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नच्या ईशान्येला असलेल्या लेक आयल्डन या मोठ्या जलाशयाच्या काठी येऊन पोचतो.

तिथल्या पंथाचं नाव होतं 'द फॅमिली'. त्याची प्रमुख अ‍ॅन हॅमिल्टन-बर्न. जन्म १९२१ चा, मूळ नाव वेगळंच. आईची बरीच वर्षं मनोरुग्णालयात गेली. साठच्या दशकात अ‍ॅन मेलबर्नमध्ये मध्यमवर्गीय बायकांना योग शिकवत असे. १९६२ च्या सुमारास तिची गाठ डॉ. रेनर जॉन्सन यांच्याशी पडली. जॉन्सन भौतिकशास्त्रज्ञ होते, मेलबर्न विद्यापीठाच्या क्वीन्स कॉलेजचे प्रमुख होते आणि गूढवादावर त्यांची पुस्तकं होती. असा माणूस आपल्याला गुरू मानतो म्हटल्यावर अ‍ॅनला दुसऱ्या शिफारशीची गरज उरली नाही. डॉक्टर, नर्स, वकील, समाजसेवा खात्यातली माणसं तिच्याभोवती जमली. डँडेनाँग डोंगरातल्या फर्नी क्रीक इथे त्यांचं सभागृह उभं राहिलं आणि त्याला नाव दिलं 'सांतिनिकेतन'. टागोरांनी मुलांना उघड्यावर, झाडाखाली शिकवण्यासाठी जी जागा उभारली तिचं नाव या पंथाला लागावं, याचा त्रास कुठल्याही भारतीय वाचकाला होईल. शिकवण म्हणजे ख्रिस्ती धर्म, हिंदू विचार आणि योग यांची सरमिसळ, आणि वर अ‍ॅन म्हणजे येशूचा पुनर्जन्म हा दावा. क्यू या उपनगरातलं न्यूहेवन नावाचं खासगी मनोरुग्णालय पंथाच्या माणसांच्या हातात होतं. तिथे एलएसडी हे भास घडवणारं औषध दिलं जाई. त्या काळात मानसोपचारात या औषधाचे प्रयोग अधिकृतपणे होत असत, त्यामुळे कुणाला संशय यायचं कारण नव्हतं.

१९६८ पासून अ‍ॅनने मुलं गोळा करायला सुरुवात केली. १९७५ पर्यंत चौदा, आणि पुढे एकूण अठ्ठावीसच्या आसपास. काही मुलं पंथातल्याच सभासदांची होती, बाकीची दत्तक आलेली. इतकी तान्ही मुलं मिळाली कशी, हा प्रश्न कादंबऱ्या सहसा घाईने उरकतात. मला तर हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्या दशकांत ऑस्ट्रेलियात लग्नाआधी आई झालेल्या मुलींवर बाळ देऊन टाकण्यासाठी दवाखान्यात, घरात, चर्चमध्ये प्रचंड दबाव आणला जाई. कित्येकींना बाळाचं तोंडही पाहू दिलं गेलं नाही. पुढे या प्रथेबद्दल २१ मार्च २०१३ रोजी पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी देशाच्या वतीने माफी मागितली. द फॅमिलीचे डॉक्टर, नर्स आणि समाजसेविका याच व्यवस्थेत नोकरीला होत्या. बाळ कुणाला द्यायचं, कागदावर काय लिहायचं, हे ठरवणाऱ्या टेबलापलीकडची माणसं पंथाचीच होती. त्यांना अपहरण करावंच लागलं नाही, नुसती एक सही पुरेशी होती.

मुलांना हॅमिल्टन-बर्न हे आडनाव लावलं गेलं. तुम्ही सगळे सख्खे भावंडं, अ‍ॅन तुमची आई, असं त्यांना सांगितलं गेलं. ते खरं दिसावं म्हणून बहुतेकांचे केस ब्लीच करून सोनेरी केले जात. मुलींना एकसारखे फ्रॉक आणि रिबिनी. जलाशयाकाठच्या 'काय लामा' नावाच्या घरात त्यांना ठेवलं होतं. शाळा घरातच, सकाळी उठून योग आणि ध्यान, जेवण मोजकं आणि शाकाहारी, इतकं मोजकं की काही मुलं वयाच्या मानाने खुजी राहिली. देखरेखीला 'आंटी' म्हणवणाऱ्या बायका. त्या मारत, उपाशी ठेवत आणि मुलं शांत राहावीत म्हणून त्यांना मनोविकारांवरच्या गोळ्या देत. पौगंडावस्थेत आल्यावर दीक्षा म्हणून एलएसडी. बाहेरचं कुणी आलं की मुलांनी लपायचं. 'न दिसणं, न ऐकू येणं, कुणाला माहीत नसणं' हे पंथाचं ब्रीद होतं आणि मुलांना ते अक्षरशः पाळावं लागे.

अ‍ॅन स्वतः वर्षातला बराच काळ परदेशात असायची. ती यायची तेव्हा भेटवस्तू आणि लाड, आणि तिच्याच हुकमावरून होणारी मारहाण मात्र आंटींच्या नावावर. मुलं तिची वाट बघत. क्रौर्य आणि माया आलटून-पालटून मिळाली की छळणाऱ्यावरच जीव जडतो, हे डॉन डटन आणि सुझन पेंटर या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये मारहाण सोसणाऱ्या बायकांच्या संदर्भात मांडलं होतं. काय लामामधल्या मुलांना हा सिद्धांत माहीत नव्हता, पण सुटल्यावर कित्येक वर्षं 'ती वाईट होती' हे वाक्य त्यांच्या तोंडून सहजी निघालं नाही. या प्रकारच्या कथांमध्ये नायिका जुन्या 'आई'च्या मरणशय्येशी जाते आणि वाचक वैतागून विचारतो, का जाते ही? त्याचं उत्तर इथे आहे.

पंथातून बाहेर काढल्या गेलेल्या सारा नावाच्या मुलीने पोलिसांना माहिती दिली. शुक्रवार, १४ ऑगस्ट १९८७ रोजी पोलिसांनी घरावर छापा घातला आणि मुलांना बाहेर काढलं. त्यानंतर खरं काम सुरू झालं, ते कागदांचं. आपण भावंडं नाही, आपली जन्मतारीख खरी नाही, आपल्या नावाने एकाहून जास्त दाखले आहेत, हे मुलांना हळूहळू कळत गेलं. व्हिक्टोरियाने १९८४ मध्येच कायदा करून दत्तक गेलेल्यांना आपल्या जन्माच्या नोंदी पाहायचा हक्क दिला होता. पण नोंदच खोटी असेल तर हक्क घेऊन करणार काय?

अ‍ॅन आणि तिचा नवरा बिल परदेशात होते. डिसेंबर १९८९ मध्ये सुरू झालेल्या पोलीस तपासाला १९९३ पर्यंत वेळ लागला. त्या वर्षी न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरात एफबीआयने दोघांना पकडलं आणि ऑस्ट्रेलियात आणलं. मारहाण, उपासमार, औषधं यांपैकी कशासाठीही त्यांच्यावर खटला उभा राहिला नाही. आरोप उरला तो एकमेकांशी नातं नसलेल्या तीन मुलांची तिळी म्हणून नोंद केल्याचा. १९९४ मध्ये दोघांनी खोटं प्रतिज्ञापत्र केल्याची कबुली दिली आणि प्रत्येकी ५,००० डॉलर दंड भरून ते बाहेर पडले. अ‍ॅन २०१९ मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी वारली, स्मृतिभ्रंशाने आधीच सगळं विसरून.

हा निकाल वाचून माझा संताप अजून ओसरत नाही. आणि मला वाटतं, या कथाप्रकाराचं मूळही त्या निकालातच आहे. गुन्हेगार सापडला, शिक्षा झाली, पडदा पडला, असं घडलं असतं तर सांगायला फारसं उरलं नसतं. कोर्टाने फक्त कागदाचा निवाडा केला, आणि एकत्र भोगलेल्यांना एकमेकांशिवाय दुसरा साक्षीदारच राहिला नाही. या प्रकरणावरून सुचलेली कादंबरी आली, तिच्यावरून २०२३ मध्ये मालिकाही आली.

त्याआधी कल्टच्या गोष्टी मोठ्यांच्या असत. १८ नोव्हेंबर १९७८ ला गयानातल्या जोन्सटाउनमध्ये ९०० हून जास्त माणसं मेली, त्यांत सुमारे ३०० मुलं होती. पण पुढची कित्येक वर्षं चर्चा झाली ती मोठी माणसं तिथे का गेली याची. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या कथांतही कॉलेजातला मुलगा पंथात ओढला जातो आणि आईवडील त्याला परत आणतात. ज्याला परत जायला घरच नाही, पंथ हेच ज्याचं घर, असा नायक यायला ती पिढी वयात यावी लागली. अमेरिकेत १९६८ मध्ये निघालेल्या 'चिल्ड्रेन ऑफ गॉड' या पंथात जन्मलेली मुलं नव्वदच्या दशकात बाहेर पडू लागली. इंटरनेट आलं तशी ती एकमेकांना सापडत गेली. जानेवारी २००५ मध्ये संस्थापकाच्या घरात वाढलेल्या एका तरुणाने लहानपणच्या एका सांभाळणारीला मारून स्वतःलाही संपवलं, तेव्हा ही पिढी आहे आणि ती होरपळलेली आहे हे जगाला कळलं.

आपल्यालाही हा विषय फार दूरचा नाही. पुण्यात कोरेगाव पार्कात १९७४ मध्ये रजनीशांचा आश्रम सुरू झाला, तेव्हा भगव्या कपड्यांतले, गळ्यात माळ घातलेले गोरे स्त्री-पुरुष पुणेकरांच्या नजरेत भरले. त्यांच्या हाताला धरून आलेली मुलं मात्र आपल्या आठवणीत जवळजवळ नाहीत. कुटुंबाची जागा कम्यूनने घ्यावी, ही तिथली जाहीर शिकवण होती. १९८१ मध्ये मुक्काम अमेरिकेतल्या ओरेगनला हलला. तिथे आणि इंग्लंडमधल्या सफोकच्या कम्यूनमध्ये मुलं आईवडिलांपासून वेगळी, आपापल्या घोळक्यात राहत. असं वाढलेल्या एका मुलाने २००४ मध्ये आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यात जाणवते ती गर्दीत आईला शोधत फिरणाऱ्या पोराची तगमग. २०२४ मधल्या एका माहितीपटात तिथे वाढलेल्या स्त्रियांनी बालपणी झालेल्या लैंगिक शोषणाबद्दल नाव-चेहऱ्यासह सांगितलं. कोरेगाव पार्कच्या इतिहासाबद्दल मराठीत लिहिताना ही साक्ष बाजूला ठेवता येणार नाही.

आता प्रेमाचं. एकत्र वाढलेले दोघं मोठेपणी प्रेमात पडतात, हे या कथांचं मर्म, आणि नेमकं तिथेच बरेच लेखक घसरतात. फिनलंडचा एडवर्ड वेस्टरमार्क याने १८९१ मध्येच मांडलं होतं की लहानपणी एका छपराखाली वाढलेल्यांना एकमेकांबद्दल सहसा ओढ वाटत नाही, मग रक्ताचं नातं असो वा नसो. त्याला आधार मिळाला तो इस्रायलच्या किबुत्झमधून, म्हणजे तिथल्या सामूहिक वसाहतींमधून. किबुत्झ काही कल्ट नव्हेत, पण तिथेही मुलं आईवडिलांपासून वेगळी, एकाच बालगृहात वाढत. जोसेफ शेफर यांनी १९७१ मध्ये तिथल्या पावणेतीन हजारांहून जास्त विवाहांच्या नोंदी तपासल्या. एकाच बालगटातल्या दोघांची लग्नं पंधराहूनही कमी निघाली, आणि जन्मापासून सहाव्या वर्षापर्यंत सलग एकत्र असलेल्यांचं एकही नाही.

जाणते लेखक म्हणूनच दोघांपैकी एकाला दहा-बारा वर्षांचं झाल्यावर पंथात आणतात, किंवा दोघांना वेगळ्या घरांत ठेवतात, कुंपणापलीकडून ओळख होईल इतपतच. लेक आयल्डनच्या मुलांचं तर आणखी अवघड. सख्खं भावंडं म्हणून वाढली, मग सरकारी माणसांनी सांगितलं की नाही, तुमचं काही नातं नाही. नातं खोटं ठरलं तरी एकमेकांच्या अंगावरचे वळ कुणी कुठे पाहिले ते खरंच होतं. त्यांच्यातले कित्येक जण मुलाखतींत अजूनही एकमेकांना भाऊ-बहीणच म्हणतात.

कायद्याच्या बाजूने हालचाल फार उशिरा झाली. बालपणी झालेल्या अत्याचारांबद्दल दिवाणी दावा करायला असलेली मुदत व्हिक्टोरियाने २०१५ मध्ये काढून टाकली. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या संसदेच्या समितीने कल्ट माणसं कशी ओढतात आणि त्याचे परिणाम काय होतात याची चौकशी सुरू केली, आणि अशा गटांतून बाहेर पडलेल्यांकडून लेखी निवेदनं मागवली.