तेरा सेकंदांची मेमरी आणि एक तळघर
डीजे शॅडोचा 'एंडट्रोड्यूसिंग' हा अल्बम १९९६ साली आला तेव्हा शॅडो, म्हणजे जोश डेव्हिस हा कॅलिफोर्नियाचा पोरगा, जेमतेम चोवीस वर्षांचा होता. हेडफोन लावून आज ऐकला तरी त्यातलं धुकं विरलेलं नाही. लांबून येणारा पियानो, तबकडीची खरखर, मध्येच कुणा अनोळखी माणसाचं बोलणं आणि या सगळ्याखाली ड्रमचा दणदणीत ठोका. सगळा माल जुन्या तबकड्यांवरून उचललेला, अशा उचललेल्या तुकड्यांना 'सॅम्पल' म्हणतात. २००१ मध्ये गिनेसने 'संपूर्णपणे सॅम्पलवर उभा असलेला पहिला अल्बम' अशी त्याची नोंद केली. (ते 'संपूर्णपणे' थोडं सैलच घ्यायचं, एक-दोन मित्रांचे आवाज आत आहेत.)

हा धूसरपणा म्हणजे कलावंताची प्रतिभा, असं म्हणून आपण मोकळे होतो. मला विचाराल तर निम्मं श्रेय अडचणींचं आहे.

मूळ शोधायचं तर १९७३ च्या न्यूयॉर्कपर्यंत मागे जावं लागतं. ब्राँक्समधल्या पार्ट्यांत डीजे कूल हर्कच्या लक्षात आलं, की गाण्यात फक्त ड्रम उरतात त्या काही क्षणांना लोक सर्वांत जास्त नाचतात. मग तो तेवढाच तुकडा, म्हणजे 'ब्रेक', दोन टर्नटेबलांवर लांबवू लागला. तेच काम पुढे यंत्राने उचललं. रॉजर लिनने घडवलेलं अकाई एमपीसी-६० हे १९८८ चं यंत्र: सोळा रबरी पॅड, बारा बिटचा, म्हणजे आजच्या मानाने खरबरीत, आवाज आणि मूळ मेमरी सुमारे १३ सेकंदांची. फार तर २६ पर्यंत वाढवता येई. शॅडोने हा अल्बम मुख्यतः याच यंत्रावर रचला.

तेरा सेकंदांत संसार कसा थाटायचा? त्या काळच्या निर्मात्यांची एक युक्ती होती. मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या वेगाची तबकडी ४५वर फिरवायची, तो घाईघाईचा, चिरका आवाज यंत्रात भरायचा आणि नंतर वेग उतरवून मूळ पट्टीवर आणायचा. तेरा सेकंदांत साडेसतरा सेकंदांचा ऐवज मावायचा. पण आवाज असा ताणला की त्याची झळाळी जाते, कडा बोथट होतात, तळाशी थोडा गाळ साचतो. नव्वदीच्या सॅम्पलबाज संगीताला जो मळकट रंग आहे, त्यात या काटकसरीचा मोठा वाटा आहे.

दुसरी अडचण कोर्टाची. १९९१ मध्ये रॅपर बिझ मार्कीच्या खटल्यात अमेरिकन न्यायाधीशाने निकालाची सुरुवातच बायबलमधल्या 'चोरी करू नकोस' या आज्ञेने केली. तिथून विनापरवानगी सॅम्पलचे दिवस भरले. गाजलेल्या गाण्याचा तुकडा वापरायचा तर खिसा रिकामा करायचा, नाहीतर कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या तबकड्या हुडकायच्या. शॅडोला मुळातच दुसऱ्या वाटेचं वेड होतं. सॅक्रामेंटोतल्या एका रेकॉर्डच्या दुकानाचं तळघर हा त्याचा अड्डा. अल्बमच्या मुखपृष्ठावर तेच दुकान दिसतं. 'स्क्रॅच' या माहितीपटात तो त्या तळघरात, छताला टेकणाऱ्या चळतींमध्ये बसलेला आहे. इथे काम करताना माणूस नम्र होतो, कारण ही मोडलेल्या स्वप्नांची रास आहे, अशा अर्थाचं काहीतरी तो तिथे बोलतो.

अल्बम लंडनच्या मो वॅक्स या रेकॉर्ड कंपनीने काढला. शॅडोच्या त्याआधीच्या, १९९३ च्या एका रेकॉर्डबद्दल लिहिताना 'मिक्समॅग' मासिकाने १९९४ मध्ये 'ट्रिप-हॉप' हा शब्द छापला आणि तो या सगळ्या घराण्यालाच चिकटला. शब्द मला फारसा रुचत नाही. शॅडो स्वतःला हिप-हॉपचाच माणूस मानायचा, आणि अल्बममध्ये हिप-हॉपची तक्रार करणारा मिनिटभराचासुद्धा नसलेला एक ट्रॅक आहे, तो घरच्या माणसाच्या चिडीतूनच आलेला वाटतो.

अल्बममधल्या 'मिडनाइट इन अ परफेक्ट वर्ल्ड' या ट्रॅकमधला तो हळवा पियानो डेव्हिड अ‍ॅक्सेलरॉडच्या १९६९ च्या तबकडीवरचा. नव्वदीत हा संगीतकार जवळपास विस्मृतीत गेला होता. असे तुकडे कानावर पडू लागले तसे लोक मूळ तबकड्या शोधू लागले. २००१ मध्ये त्याचा नवा अल्बम आला, तोही मो वॅक्सकडूनच. त्यातले बरेचसे ताल साठच्या दशकात वाजवून तसेच पडून राहिलेले होते.