फॅक्टरी आउटलेट

नामांकित ब्रँडचा माल छापील किमतीपेक्षा बराच स्वस्त विकणारे दुकान. ते बहुधा ब्रँडच्याच मालकीचे असते किंवा त्याच्या परवानगीने चालते. कपडे, पादत्राणे आणि बॅगा हा इथला मुख्य माल. मागच्या हंगामात न खपलेला साठा, मधलेच साइज संपलेले लॉट आणि किरकोळ दोष असलेले ‘सेकंड्स’ खपवायला ही दुकाने निघाली. आज मात्र अनेक आउटलेटांतला बराचसा माल मुद्दाम आउटलेटसाठीच शिवलेला असतो, आणि हे ग्राहकाला सहसा कोणी सांगत नाही.

सुरुवातीला कारखान्याच्या आवारात कामगारांना उरलासुरला माल स्वस्तात मिळे. पुढे तो बाहेरच्यांनाही मिळू लागला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंग शहरालगत व्हॅनिटी फेअर कंपनीने १९७० साली आपल्या होजिअरी गिरणीच्या इमारतीतच असे दुकान उघडले. पुढे गिरणी बंद पडली, पण दुकाने वाढत गेली आणि लोक बसगाड्या भरून खरेदीला येऊ लागले. न्यूयॉर्कच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर १९८५ साली उघडलेले वुडबरी कॉमन आणि इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ १९९५ साली सुरू झालेले बिस्टर व्हिलेज ही अनेक आउटलेटांची संकुले म्हणजे या व्यवसायाची पुढची रूपे. आउटलेट शहरापासून लांब ठेवण्यामागे हिशेब असतो. जागा स्वस्त पडते आणि शहरात पूर्ण किमतीला विकणाऱ्या आपल्याच दुकानाचे गिऱ्हाईक तुटत नाही. शिवाय दीड-दोन तास प्रवास करून आलेला माणूस रिकाम्या हाताने परतत नाही.

खास आउटलेटसाठी शिवलेला माल बनावट नसतो; ब्रँड तोच असतो, पण उतरत्या दर्जाचा. कापड पातळ असते, जाकिटाचे अस्तर अर्धेच असते, शिवणीत इंचाला टाके कमी पडतात. चौकटीच्या शर्टाचा खिसा पाहावा: नेहमीच्या मालात खिशाच्या रेघा अंगाच्या रेघांशी जुळवलेल्या असतात. ते जुळवण्यात कापड वाया जाते, म्हणून स्वस्त मालात तो खिसा तसाच लावून टाकतात. ‘गॅप’ या अमेरिकी ब्रँडच्या ‘गॅप फॅक्टरी’ आउटलेटांतल्या कपड्यांच्या लेबलावर ब्रँडच्या नावाखाली तीन छोटे चौकोन असतात. अशी खूण सगळेच ठेवत नाहीत.

खरा आक्षेप किमतीबद्दल आहे. जो शर्ट कधी मुख्य दुकानात गेलाच नाही, त्याच्या टॅगवर ‘मूळ किंमत’ छापून ती खोडायची आणि तिच्यावर सवलत दाखवायची, ही ग्राहकाची फसवणूक आहे. २०१४ साली अमेरिकी काँग्रेसच्या काही सदस्यांनी याची चौकशी करावी अशी मागणी फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या सरकारी व्यापार-नियामक संस्थेकडे केली. अशाच टॅगांवरून झालेला एक सामुदायिक दावा मायकेल कोर्स कंपनीने २०१५ साली ४८.७५ लाख डॉलर देऊन मिटवला.

भारतात या व्यवसायाची एक मुळी एक्स्पोर्ट सरप्लसमध्ये आहे. तपासणीत काही नग बाद होणार हे धरूनच निर्यातीचे कारखाने थोडे जास्त कापड कापतात. उरलेले आणि बाद झालेले कपडे लेबल कापून बाजारात येतात. मुंबईत आझाद मैदानासमोरची फॅशन स्ट्रीट अशाच मालासाठी नावाजली. तिथे घासाघीस चालते, आउटलेटात नाही. अनेक ब्रँड एका छताखाली सवलतीत विकणारी मोठी दुकाने त्यानंतर आली. फ्यूचर समूहाची ‘ब्रँड फॅक्टरी’ एके काळी त्यांतली सर्वांत परिचित होती.

आपल्याकडे एमआरपीत सगळे कर आलेले असतात. तरी ‘फ्लॅट ५० टक्के’ म्हणून वर बिलात कर लावण्याची रीत पडली होती. १००० रुपयांच्या नगाचे ५०० द्यायचे, तर त्यावर ५ टक्के लावून ५२५ घेतले जात. सवलतीच्या किमतीवर असा वेगळा व्हॅट (जीएसटीपूर्वीचा विक्रीवरचा कर) आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ साली दिला. हा निकाल खरेदी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवा.

सेकंड्स मात्र डोळे उघडे ठेवून घेतले तर खरोखर फायद्याचे. आतल्या शिवणीची गाठ किंवा पँटच्या दुमडीतला डाग वापराच्या आड येत नाही. बाही वेड्यावाकड्या कोनात बसली असेल, तर ती कोणत्याही अल्टरवाल्याच्या हाताने सुधारत नाही. कपडा उजेडात धरून काख, कॉलर आणि चेन पाहावी, दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवून मापाव्यात. बुटांच्या बाबतीत अधिक जपावे लागते. पॉलियुरेथेनचा सोल दमटपणाने आतून कुजतो, बूट एकदाही घातला नसला तरी. वर्षानुवर्षे गोदामात पडून राहिलेला जोड दिसायला कोरा असतो आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याचा सोल भुगा होऊन सुटतो. कोकणच्या, मुंबईच्या हवेत तर लवकरच. म्हणून बुटाच्या खोक्यावरचा उत्पादनाचा महिना-वर्ष आधी वाचावा, सवलतीचा आकडा नंतर.