गरी (मासेमारी)

काठी, दोरी आणि काटा वापरून एकेक मासा धरण्याची रीत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि वैनगंगेचे डोह येथे ती नेहमी दिसते. अनेक तलावांतील मासेमारीचा ठेका ढिवरांच्या (मासेमार समाजाच्या) सहकारी संस्थेकडे असतो. आधी तिथे विचारावे.

काठी तीन-साडेतीन मीटर बांबूची, दोरी ०.२५ ते ०.३० मिमी नायलॉनची. काटा बांधताना दोरीचे टोक मूळ दोरीभोवती पाच-सहा वेळा गुंडाळून काट्याजवळच्या फासातून काढतात. आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करावीच. कोरडी आवळली की घर्षणाने तापून दोरी नेमकी तिथेच तुटते.

दोरीवर तरंगणारी खूण म्हणून धांड्याचा (ज्वारीच्या ताटाचा) तुकडा चालतो, पण तासाभरात तो पाणी पितो. मोरपिसाचा देठ बरा.

खरी मेख शिशात आहे. काट्याच्या वर वीतभर अंतरावर इतके शिसे दाबावे की देठाचे फक्त बोटाच्या पेराएवढे टोक पाण्यावर राहील. कमी पडले तर वारा गरी ओढत नेतो आणि माशाला ताण जाणवून तो चारा सोडतो. जास्त झाले तर देठ आपोआप बुडतो. शिसे पकडीने दाबावे, दाताने नाही. ते विषारी असते.

खोली मोजायला काट्याला जादा शिसे लावून टाकावे. देठ बुडाला तर तो दोरीवर वर सरकवावा, आडवा पडला तर खाली. नुसते टोक दिसले की काटा तळाला टेकला.

चारा गांडुळाचा किंवा कणकेचा. कणकेत चिमूटभर कापूस मळला की गोळी पाण्यात लवकर सुटत नाही.

रोहू देठ तिरपा ओढत नेतो. मृगळ तळाचा चारा उचलतो, तेव्हा शिशाचा भार निघून देठ उलट वर येऊन आडवा होतो; नवखा इथे बुडण्याची वाट बघत बसतो. झटका मनगटाने द्यावा, खांद्याने दिल्यास ओठ फाटतो. शिंगाड्याच्या वेलांजवळ मासा लागला तर दोरी ढिली सोडू नये, तो थेट वेलात घुसतो.

शिंगी मासा काट्यावरून काढताना छातीजवळचे दोन्ही काटे टाळावेत, ते विषारी असतात. टोचल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवल्याने ठणका कमी होतो. सूज चढत गेली तर दवाखाना गाठावा.