इमर्सन, जॉन हेवन
(१९०६–१९९७). अमेरिकन संशोधक आणि श्वसनोपचारांच्या यंत्रांचे निर्माते. जन्म न्यूयॉर्क येथे. त्यांचे वडील हेवन इमर्सन हे त्या शहराचे आरोग्य आयुक्त होते. जॉन यांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले. मात्र यंत्रकामात हात चांगला असल्याने १९२८ च्या सुमारास त्यांनी केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथे स्वतःचे वर्कशॉप सुरू केले. हार्वर्डमधील शरीरक्रियावैज्ञानिकांना लागणारी प्रयोगसाहित्ये ते तेथे बनवून देत.

इमर्सन यांचे नाव मुख्यतः लोहफुप्फुसाशी (आयर्न लंग; पोलिओने श्वास अडलेल्या रुग्णांचा श्वास चालू ठेवणारी टाकी) जोडले जाते आणि काही लेखनात त्यांना या यंत्राचे जनकही म्हटले जाते. हे श्रेय त्यांना देता येत नाही, आणि हे यंत्र आधीपासूनच ज्ञात होते, अशीच बाजू त्यांनी स्वतःही न्यायालयात मांडली होती.

पोलिओत फुप्फुसे सहसा धडधाकट असतात. निकामी होतात त्या श्वासपटल व फासळ्यांमधील स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशी. लोहफुप्फुसात रुग्णाचे डोके बाहेर ठेवून बाकी शरीर हवाबंद टाकीत असते. टाकीतील दाब बाहेरच्यापेक्षा थोडा खाली आणला की छाती फुगते आणि नाकातोंडावाटे हवा आत येते. दाब पूर्ववत झाला की श्वास बाहेर पडतो. रुग्णाला बोलता येते, पण यंत्र श्वास बाहेर सोडते तेवढ्याच वेळात. घसाच लुळा पडलेल्या रुग्णांना मात्र हे यंत्र फारसे उपयोगी पडत नसे, कारण आत येणाऱ्या हवेबरोबर लाळही श्वासनलिकेत ओढली जाई.

या तत्त्वाचा मूळ पुरुष कोण, यावर एकमत नाही. स्कॉटिश वैद्य जॉन डॅलझील यांनी १८३२ च्या सुमारास केलेल्या पेटीत माणूस बसलेला असे, डोके बाहेर असे आणि आतील भाते बाहेरून दांड्याने हलवले जात. बुडालेल्या एका खलाशाच्या मृत शरीरावर ती वापरली तेव्हा पाहणाऱ्यांना तो जिवंत झाल्याचा भास झाला, असे वर्णन सापडते. त्यातून पेटी छाती हलवू शकत होती एवढेच सिद्ध होते. केंटकीच्या आल्फ्रेड जोन्स यांनी १८६४ मध्ये अशाच पेटीचे पेटंट घेतले. पक्षाघातापासून संधिवात, दमा आणि अपचनापर्यंत अनेक व्याधी तिने बऱ्या होतात, असा त्यांचा दावा असल्याने पुढील लेखकांनी ते फारसे मनावर घेतले नसावे. व्हिएन्नाचे इग्नाझ फॉन हाउके यांचे काम १८७० च्या दशकातले. पॅरिसचे वोइलेझ यांनी १८७६ मध्ये मांडलेले ‘स्पायरोफोर’ रचनेने आधुनिक यंत्राच्या सर्वांत जवळचे दिसते: आडवी टाकी, मानेभोवती घट्ट बसणारा पडदा, हाताने चालणारे भाते आणि छाती खरोखर हलते की नाही हे दाखवणारी, छातीवर टेकलेली काडी. सेन नदीकाठी बुडणाऱ्यांसाठी ती ठेवावीत, अशी त्यांची कल्पना होती. टेलिफोनकर्ते अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीही आपले तान्हे मूल दगावल्यावर छातीवर बसवायचे निर्वात जाकीट तयार केले.

हे सर्व जमेस धरले तरी रुग्णालयात टिकून चाललेले पहिले यंत्र हार्वर्डमधील फिलिप ड्रिंकर व लुई अगासी शॉ यांचे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याची सुरुवात मांजरावरील प्रयोगातून झाली. औषधाने लुळे केलेले मांजर डोके बाहेर ठेवून पेटीत घातले आणि पेटीतील हवा पिचकारीने आतबाहेर करून त्याचा श्वास चालू ठेवला. माणसाच्या मापाची टाकी करायला पैसे न्यूयॉर्कच्या एका गॅस कंपनीने दिले. गॅसने गुदमरलेल्यांना वाचवण्यात तिला रस होता. दाब बदलायला व्हॅक्यूम क्लीनरचे पंखे बसवले. १२ ऑक्टोबर १९२८ रोजी बॉस्टनच्या बालरुग्णालयात आठ वर्षांच्या बेशुद्ध मुलीला त्यात ठेवले. काही मिनिटांतच ती शुद्धीवर आली. पुढे काही दिवसांनी न्यूमोनियाने ती दगावली.

ड्रिंकर यंत्र महाग, अवजड आणि गोंगाट करणारे होते. १९३१ च्या पोलिओ साथीच्या सुमारास इमर्सन यांनी आपली आवृत्ती बनवली. पंखे व झडपांऐवजी टाकीच्या पायाकडच्या टोकाला चामड्याचा लवचीक पडदा बसवला आणि तो मोटरने पुढेमागे केला. आवाज घटला, श्वासांचा वेग सहज बदलता येऊ लागला, आणि वीज गेली तर परिचारिकेला तोच पडदा बाहेरील दांड्याने हाताने चालवता येई. रुग्णाचा बिछाना सरकत बाहेर येई. बाजूच्या झडपांतून हात घालून शुश्रूषा करता येई. टाकी उघडी असताना डोक्यावर पारदर्शक घुमट ठेवून दाबाने हवा देण्याची सोयही पुढे त्यांनी केली. किंमत ड्रिंकर यंत्राच्या जवळपास निम्मी होती. साथीच्या वॉर्डात या गोष्टींचे मोल कोणत्याही नव्या तत्त्वापेक्षा जास्त होते.

ड्रिंकरपक्षाने पेटंटभंगाचा दावा लावला. प्राण वाचवणारी साधने सर्वांना मिळाली पाहिजेत, ही इमर्सन यांची भूमिका होती. पण त्यांचा खरा आधार जुन्या यंत्रांचा इतिहास होता. वर आलेल्या नावांसारखीच पूर्वीची उदाहरणे मांडून त्यांनी दाखवले की ड्रिंकर यांच्या रचनेतील आवश्यक भाग आधीच ज्ञात होते. पेटंट रद्दबातल ठरली. स्पायरोफोरसारखी विसरलेली यंत्रे आज इतिहासात ठळक दिसतात, त्यात या खटल्याचा वाटा असावा.

१९५२ च्या कोपनहेगनमधील पोलिओ साथीत श्वसनोपचारांची दिशाच बदलली. तेथे पहिल्या ३१ गंभीर रुग्णांपैकी २७ दगावले. मग भूलतज्ज्ञ ब्यर्न इब्सेन यांच्या सल्ल्याने श्वासनलिकेला छिद्र पाडून विद्यार्थ्यांकरवी पिशवीने हवा भरण्याची पद्धत घेतली गेली आणि मृत्युप्रमाण झपाट्याने उतरले. इमर्सन यांनीही टाकीचा हट्ट धरला नाही. १९६४ मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेनंतर वापरायचे धनदाब (फुप्फुसांत दाबाने हवा भरणारे) व्हेंटिलेटर आणले. त्याच्या हिरव्या पेटीला रुग्णालयात ‘वॉशिंग मशीन’ म्हणत. श्वासमार्गातील हवेला अतिजलद कंपने देणाऱ्या उपकरणाचे १९५९ चे पेटंट त्यांच्या नावावर आहे. छातीतील द्रव ओढणारा पंपही त्यांच्या कंपनीचाच. खोकल्याची ताकद गेलेल्यांना आधी हवा भरून लगेच ओढून घेणारे यंत्र या कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणले.

लस आल्यावर टाक्यांची गरज ओसरली. १९५९ मध्ये अमेरिकेत सुमारे १,२०० जण त्यांवर अवलंबून होते. २००४ मध्ये ३९ उरले होते. १९५२ साली सहाव्या वर्षी पोलिओ झालेले पॉल अलेक्झांडर यांनी सत्तर वर्षांहून अधिक काळ लोहफुप्फुसाचा वापर केला. मार्च २०२४ मध्ये ते वारले. उत्पादन फार पूर्वीच थांबलेले असल्याने अशा वापरकर्त्यांना मानेचे रबरी पट्टे व सुटे भाग जुन्या यंत्रांतून काढून घ्यावे लागत.