कॅडहेरिन

प्राण्यांच्या शरीरात शेजारच्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणाऱ्या प्रथिनांचे कुल. कॅल्शियम असेल तरच काम करणारी ही चिकटण्याची यंत्रणा जपानी जीवशास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांनी १९७० च्या दशकात ओळखली.

कॅडहेरिन पेशीपटलातून आरपार गेलेले असते. ई-कॅडहेरिनसारख्या अभिजात प्रकारात पेशीबाहेरच्या भागात पाच डोमेन (प्रथिनाचे स्वतंत्र घडी पडलेले भाग) एकापुढे एक असतात. प्रत्येक डोमेन सुमारे ११० अमिनो आम्लांचे. लगतच्या दोन डोमेनमधील सांध्यात कॅल्शियमचे तीन आयन बसतात, म्हणजे एका रेणूत एकूण बारा. त्यांच्यामुळे साखळी ताठ, किंचित बाकदार राहते. कॅल्शियम काढून घेतले की सांधे ढिले पडतात. प्रयोगशाळेत पेशी सुट्या करण्यासाठी ईडीटीए हे कॅल्शियम बांधून घेणारे रसायन वापरतात ते यासाठीच.

समोरच्या पेशीवरील कॅडहेरिनशी गाठ पडते ती सर्वांत बाहेरच्या, पहिल्या डोमेनची. त्याच्या सुरुवातीची पट्टी सुटून समोरच्या डोमेनवर जाते आणि तिच्यातील दुसऱ्या क्रमांकाचे अमिनो आम्ल, ट्रिप्टोफॅन, तिथल्या खाचेत शिरते. समोरूनही तसेच घडते. यात टोक नेमके असावे लागते. प्रथिन तयार होताना त्यापुढे एक जादा तुकडा असतो. तो कापला गेल्याशिवाय अशी जोडी जमत नाही. कृत्रिमरीत्या बनवलेल्या प्रथिनाच्या टोकाला एखाददुसरे अमिनो आम्ल जास्त राहिले, तरी पट्ट्यांची अदलाबदल बिघडते. सुरुवातीच्या काही स्फटिकरचनांचा अर्थ लावताना त्यामुळे बराच घोळ झाला.

रेणू एकटा असतो तेव्हा हेच ट्रिप्टोफॅन त्याच्या स्वतःच्या खाचेत बसलेले असते. घरचे सोडून दारी जाण्यात ऊर्जेचा फायदा थोडाच, म्हणून एकेकटी जोडी दुबळी ठरते. हा दुबळेपणा उणीव मानणे चुकीचे होईल: भ्रूणात पेशींना जागा बदलायची असते, आणि कायमच्या गाठी तिथे अडचणीच्याच ठरल्या असत्या. बळकटी येते ती संख्येतून. एकाच पेशीवरील शेजारी रेणूही बाजूने एकमेकांना धरतात, एकाचे पहिले डोमेन दुसऱ्याच्या दुसऱ्या डोमेनपाशी टेकते, आणि रेणूंची दाट जाळी तयार होते. पेशीच्या आत ही जाळी बीटा व आल्फा कॅटेनिन या प्रथिनांमार्फत पेशीच्या सांगाड्यातील अ‍ॅक्टिनच्या तंतूंना जोडलेली असते.

कुलातील सगळेच सदस्य पट्ट्यांची अदलाबदल करत नाहीत. आंतरकर्णातील ध्वनी टिपणाऱ्या केसपेशींवरच्या सूक्ष्म दुव्यात कॅडहेरिन-२३ (२७ डोमेन) आणि प्रोटोकॅडहेरिन-१५ (११ डोमेन) टोकाची दोन-दोन डोमेन उलटसुलट एकमेकांवर टेकवून जोडले जातात. ध्वनीच्या कंपनाने हा दुवा ताणला की आयनमार्ग उघडतात. या दोन प्रथिनांच्या जनुकांतील उत्परिवर्तनांमुळे जन्मजात बहिरेपणा किंवा बहिरेपणासोबत दृष्टीही क्षीण करणारा अशर सिंड्रोम उद्भवू शकतो.