अ‍ॅल्युमिनियमच्या दोन लगडी आणि न दिसणारा कार्बन

समजा टेबलावर अ‍ॅल्युमिनियमच्या दोन लगडी ठेवल्यात. दोन्ही एक-एक किलोच्या, दोन्ही चकचकीत, लॅबमध्ये पाठवल्या तरी रिपोर्ट जवळपास सारखाच येणार. पण एक बनवताना साधारण ४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेलाय आणि दुसरी बनवताना २० किलोच्या आसपास. आता ओळखा कुठली कुठली! नाही ओळखता येणार, कारण धातूवर त्याची काही खूणच राहत नाही, सगळा फरक ती लगड बनत असताना वीज कुठून आली ह्याच्यात. आणि मला विचाराल तर ‘सस्टेनेबल मॅन्युफॅक्चरिंग’ आणि ‘ग्रीन सप्लाय चेन’ ह्या सगळ्या गाजावाजामागची खरी डोकेदुखी हीच आहे, की वस्तू हातात आल्यावर तिच्याकडे बघून तिचा इतिहास कळत नाही, तो कुणीतरी लिहून द्यावा लागतो आणि आपण त्यावर विश्वास ठेवायचा.

आधी हे अ‍ॅल्युमिनियम बनतं कसं ते जरा बघू, म्हणजे वीज वीज का करतोय ते कळेल. साधारण ४-५ टन बॉक्साइटपासून २ टन अ‍ॅल्युमिना मिळतो (पांढरी पावडर असते) आणि त्यातून १ टन धातू. ह्या शेवटच्या पायरीची युक्ती १८८६ साली अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू ह्या दोन पोरांनी, हो पोरंच, विशी-बाविशीतली, एकमेकांचा पत्ता नसताना एकाच वर्षी शोधली आणि जग आजही तीच वापरतंय. ९६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या, वितळलेल्या क्रायोलाइट नावाच्या खनिजात अ‍ॅल्युमिना विरघळवायचा आणि त्यातून करंट सोडायचा. व्होल्टेज अगदी किरकोळ, चारेक व्होल्ट, पण करंट लाखो अँपिअर! एका किलोमागे साधारण १४ युनिट वीज जाते. वरून जे कार्बनचे ठोकळे बुडवलेले असतात तेही ह्या प्रक्रियेत जळत जातात, त्यामुळे वीज कितीही स्वच्छ असली तरी किलोमागे दीडेक किलो कार्बन डायऑक्साइड निघतोच. न जळणारे ठोकळे बनवायचे प्रयत्न चालू आहेत, कॅनडात अल्कोआ आणि रिओ टिंटो ह्या दोन कंपन्या मिळून एलिसिस नावाने २०१८ पासून ह्याच्या मागे लागलेत.

बरं, ज्या भांड्यात हे सगळं चालतं ते मध्येच बंद ठेवता येत नाही. काही तास वीज गेली की आतला रस थिजायला लागतो आणि एकदा थिजला की पुढची साफसफाई म्हणजे निव्वळ छळ. म्हणजे दिवसा सोलरवर चालवू, रात्री बंद ठेवू, हा प्रकार इथे चालत नाही, चोवीस तास सलग वीज लागते. म्हणून असे कारखाने धरणांच्या विजेमागे जातात, नॉर्वे, कॅनडातलं क्वेबेक, आइसलँड. आइसलँडमध्ये तर बॉक्साइट औषधालासुद्धा नाही! अ‍ॅल्युमिना जहाजाने समुद्रापलीकडून येतो, तिथल्या विजेवर धातू होतो आणि परत जहाजाने बाहेर जातो. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण हिशोब केला की कोळशाच्या विजेवर शेजारीच बनवलेल्या धातूपेक्षा हे फिरून आलेलं बरंच स्वच्छ निघतं. जगातल्या व्यापाराचा वजनाने बघितलं तर ८० टक्क्यांच्या वर माल समुद्रातून जातो आणि तरी जहाजांचा वाटा जगाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये ३ टक्क्यांच्या आसपासच आहे. त्यामुळे ‘जवळचं ते चांगलं’ हा नियम डोळे मिटून लावू नका, निदान धातूंना तरी. (विमानाने पाठवलेला माल हा वेगळा विषय, तिथे किलोमागचा आकडा बघून डोळे पांढरे होतात.)

आता कंपन्या हिशोब कसा करतात ते. ‘ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल’ नावाची एक पद्धत २००१ पासून चालत आलीये, त्यात तीन कप्पे आहेत. पहिला कप्पा म्हणजे स्वतःच्या भट्टीतून, गाड्यांतून निघालेला धूर. दुसरा, विकत घेतलेल्या विजेचा. तिसऱ्यात बाकीचं सगळं: कच्चा माल, सुटे भाग, वाहतूक, ग्राहकाने वस्तू वापरली त्याचा, शेवटी भंगारात गेली त्याचा. ह्या तिसऱ्याला ‘स्कोप थ्री’ म्हणतात आणि त्याचे आणखी १५ उपप्रकार आहेत. गंमत अशी की कारखान्याच्या छतावर सोलर पॅनल लावून फोटो काढला जातो तो पहिल्या-दुसऱ्या कप्प्यासाठी आणि बहुतेक वस्तू विकणाऱ्या कंपन्यांचा खरा ढिगारा असतो तिसऱ्यात, म्हणजे स्वतःच्या गेटच्या बाहेर.

मग गेटबाहेरचं मोजायचं कसं? आदर्श म्हणजे प्रत्येक सप्लायरकडून खरे आकडे घ्यायचे. पण सप्लायरला सप्लायर, त्याला आणखी सप्लायर, तिसऱ्या-चौथ्या पायरीला कोण बसलंय हे वरच्याला ठाऊकच नसतं. म्हणून बरेच जण शॉर्टकट मारतात: अमुक मालावर किती पैसे खर्च केले ते घ्यायचं आणि त्याला एका सरासरी आकड्याने गुणायचं. झालं उत्सर्जन तयार! ह्यात काय होतं बघा. तुम्ही शहाणपणा करून जास्त पैसे देऊन स्वच्छ विजेवर बनलेलं अ‍ॅल्युमिनियम घेतलंत, तर खर्च वाढला म्हणून कागदावरचं तुमचं उत्सर्जन वाढतं. आणि सप्लायरला पिळून भाव पाडलात तर कागदावर तुम्ही पर्यावरणप्रेमी! मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय, पण नाही, गणित खरंच तसं चालतं. ढोबळ अंदाज म्हणून पहिल्या वर्षी ठीक आहे, पण त्यावर सुधारणा मोजायची म्हणजे काट्याऐवजी पावती बघून वजन सांगण्यासारखं झालं.

आणि ही न दिसण्याची भानगड फक्त कार्बनपुरती नाहीये. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ साभारमध्ये राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली, ११०० च्या वर माणसं गेली, बहुतेक कपडे शिवणारी. त्यानंतर इथे कुणाकुणाचा माल शिवला जात होता हे शोधायला ढिगाऱ्यातून कपड्यांची लेबलं गोळा करावी लागली होती. ऑर्डर एकाला दिली जाते, तो पुढे दुसऱ्याला देतो आणि वरच्या फाइलमध्ये फक्त पहिल्याचं नाव असतं, हे तोपर्यंत धंद्यात सगळ्यांना माहीत होतं आणि तरी कुणी विचारत नव्हतं.

आता कायदे येतायत. युरोपियन युनियनने सीबॅम नावाची यंत्रणा आणली, आयात होणाऱ्या स्टील, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज ह्यांच्यामागे किती कार्बन गेला ते सांगा आणि त्याचे पैसे मोजा, अशी. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, जानेवारी २०२६ पासून पैसे मोजायचा टप्पा लागला. बॅटऱ्यांसाठी फेब्रुवारी २०२७ पासून ‘बॅटरी पासपोर्ट’ येतोय, इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीवर क्यूआर कोड, स्कॅन केला की कुंडली बाहेर. ह्याची गरजही आहेच म्हणा, कारण जगातल्या खाणींतला निम्म्याहून कितीतरी जास्त कोबाल्ट (अशा बॅटऱ्यांत वापरतात तो धातू) एकट्या काँगोतून निघतो, त्यातला काही हाताने खणलेला असतो आणि रिफायनरीत शिरला की हाताने खणलेला आणि मशीनने खणलेला एकाच पिंपात.

पण एक पळवाट आहे आणि ती आपल्या दोन लगडींवरूनच समजते. एखाद्या कंपनीचे दोन कारखाने आहेत, एक धरणाच्या विजेवर, एक कोळशावर. काल दोघांचा माल सगळीकडे जात होता. आज कडक नियमांच्या बाजारात फक्त पहिल्याचा माल पाठवायचा आणि दुसऱ्याचा बाकीच्यांना. कागद एकदम खरे, कुणी खोटं बोललेलं नाही, आयात ‘स्वच्छ’ झाली आणि हवेत जाणारा कार्बन एक ग्रॅमनेही कमी झाला नाही! नुसता पत्त्यांचा डाव पिसलाय.

काही ठिकाणी मात्र कागदाने काही होणारच नाही, तिथे केमिस्ट्रीच आडवी येते. सिमेंट घ्या. चुनखडी साधारण १४५० अंशांच्या भट्टीत भाजतात, इंधन स्वच्छ वापरा, वीज स्वच्छ वापरा, तरी १ किलो शुद्ध चुनखडीतून ५६० ग्रॅम चुना उरतो आणि ४४० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो, दगडाच्या आतच होता तो. सिमेंटच्या निम्म्याहून जास्त उत्सर्जनाचं कारण हेच. त्यावर एक बऱ्यापैकी साधा उपाय म्हणजे हा भाजलेला माल निम्म्यावर आणायचा आणि उरलेल्या जागी कमी तापमानाला भाजलेली माती आणि न भाजलेली चुनखडी घालायची. एलसीथ्री म्हणतात त्याला, स्वित्झर्लंडमधल्या संशोधक कॅरेन स्क्रिव्हनर, क्यूबातले संशोधक आणि भारतातल्या आयआयटींनी मिळून त्यावर काम केलंय, उत्सर्जन ३० ते ४० टक्क्यांनी उतरतं. अडचण कुठे, तर इमारतींच्या नियमांत सिमेंटची रेसिपी ठरलेली असते आणि बांधणारा माणूस नवीन रेसिपीवर पन्नास वर्षांची जबाबदारी घ्यायला कचरतो. त्याचंही काय चुकलं म्हणा.

स्टीलमध्ये कोळशाऐवजी हायड्रोजन वापरायचा प्रयोग स्वीडनमध्ये लुलेओला झाला, २०२१ मध्ये तिथे असं पहिलं लोखंड निघालं, पण त्याला वीज प्रचंड लागते. त्यामानाने भंगार वितळवणं फारच स्वस्तात पडतं. अ‍ॅल्युमिनियमच्या भंगाराला तर नवीन धातूच्या ५ टक्क्यांच्या आसपासच ऊर्जा लागते. मग सगळं भंगारातूनच का नाही? एक तर जेवढं लागतं तेवढं भंगार अजून तयारच झालेलं नाही, ते इमारतींत आणि गाड्यांत अडकलंय. आणि दुसरं म्हणजे तांबं.

एका मोटारीत वायरिंग, मोटर, अल्टरनेटर सगळं धरून वीसेक किलो तांबं असतं. जुनी गाडी श्रेडरमध्ये टाकली की तिचे मुठीएवढे तुकडे होतात, चुंबक लोखंड उचलतो, पण लोखंडाच्या तुकड्यात अडकलेली वायरही त्याच्याबरोबर वर येते. भट्टीत लोखंडातली बाकीची बरीच घाण ऑक्सिजनने जळून वर तरंगणाऱ्या मळीत जाते, तांबं मात्र जात नाही, ते लोखंडातच विरघळून बसतं. मग असं स्टील तापवून लाटताना पृष्ठभागावर तांब्याचा पातळ थर साचतो आणि पत्र्याला भेगा पडतात. काँक्रीटमधल्या सळईला ०.४ टक्के तांबं चालून जातं, गाडीच्या दरवाजाच्या पत्र्याला मात्र ०.१ टक्कासुद्धा जास्त होतो. म्हणून गाडीचं स्टील परत गाडी होत नाही, सळई होते. हे टाळायला काही यार्डांमध्ये आजही श्रेडरनंतरच्या पट्ट्यावर माणसं उभी असतात, समोरून तुकडे धावतायत आणि ती हाताने वायरींचे गुंते, छोट्या मोटरी उचलून बाजूला फेकतायत. त्यांच्यासमोर जी वायर येते ती एका झटक्यात ओढून निघेल की पत्र्याच्या घडीत रुतून बसलेली असेल, हे पंधराएक वर्षांपूर्वी कुणीतरी कॉम्प्युटरवर गाडी आखताना ठरवून टाकलेलं असतं आणि तेव्हा त्या माणसापुढे प्रश्न एवढाच होता की असेंब्ली लाइनवर ही वायर किती सेकंदात बसेल.