पार्क बंद (ताडोबा)

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे कोअर (आतले, गाभ्याचे) क्षेत्र दरवर्षी 1 जुलै ते 30 सप्टेंबर या काळात पर्यटकांसाठी बंद असते. गाईड, जिप्सीचालक (जिप्सी म्हणजे सफारीची उघडी गाडी), रिसॉर्टमधले स्वयंपाकी, खोल्या आवरणाऱ्या बाया, माळी या सगळ्यांच्या बोलण्यात या तीन महिन्यांचे नाव एकच: ‘पार्क बंद’. कान्हा आणि पेंच या व्याघ्र प्रकल्पांतही जवळपास असेच वेळापत्रक असते.

बंदीचे कारण विचारले की ‘वाघांचा मिलनकाळ’ असे उत्तर हमखास मिळते. ते बरोबर नाही. वाघाच्या मिलनाला ठराविक ऋतू नसतो. खरे कारण पाऊस. कच्चे रस्ते चिखलात जातात, नाले भरून वाहतात, गाडी रुतली तर बाहेर काढणे कठीण होते. वनखात्याला मात्र ही सुट्टी नसते. पावसाळी गस्त पायीच घालावी लागते.

ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान (1955). व्याघ्र प्रकल्प 1995 मध्ये झाला. कोअर सुमारे 625 चौ. किमी, तर भोवतालचे बफर (गावे आणि शेती असलेला बाहेरचा पट्टा) सुमारे 1,100 चौ. किमी आहे. मोहर्ली, कोलारा, नवेगाव ही प्रवेशद्वारे असलेली गावे पर्यटनावर उभी राहिली, पण त्यांच्या पायाशी शेतीच आहे. गाईड आणि जिप्सी यांना पाळीने सफारीच्या फेऱ्या मिळतात आणि पैसे फेरीमागे. फेरी नाही तर कमाई नाही. बफरमधील काही द्वारे पावसाने उसंत दिली तर चालू असतात, पण तिथल्या फेऱ्या सगळ्यांना पुरत नाहीत.

म्हणून स्थानिक माणूस जुलैत शेतात असतो. मूल-सिंदेवाहीकडे धान, भद्रावती-चिमूरकडे कापूस आणि सोयाबीनही. धानाची रोवणी हे मुख्यतः बायांचे काम. महिला गाईड आणि रिसॉर्टमधल्या बाया गणवेश घडी करून ठेवतात आणि बांधीत (धानाच्या बांध घातलेल्या शेतात) उतरून पऱ्हे (धानाची रोपे) लावतात. रोवणीनंतर निंदण (तण काढणे). स्वतःचे शेत आटोपले की दुसऱ्याच्या बांधीत मजुरी. ज्यांना शेत नाही त्यांना मजुरीच, किंवा वनखात्याची रोजंदारी: बिया धरण्याआधी कुरणांतला तरोटा आणि रानतुळस ही तणे उपटणे हे याच दिवसांतले मोठे काम.

जंगलही काही देते. पहिल्या पावसांनंतर सात्या (अळिंबी) आणि वास्ते (बांबूचे कोंब) ताटात येतात. पण हे गोळा करायला पायी आत जावे लागते, आणि उन्हाळ्यात जिप्सीतून पाहुण्यांना दाखवलेला वाघ तिथेच असतो. पीक वर आले की रानडुकरांपासून राखायला रात्री मचाणावर जागल करावी लागते. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यांत दरवर्षी माणसे मरतात. ‘ऑफसीझन’ म्हणजे विसावा, असे शहरातून वाटते. येथील माणसासाठी हा धोक्याचा काळ असू शकतो, कारण आता तो गाडीत नसतो. पर्यटनाच्या चर्चेत ही बाजू फारच कमी येते.

जिप्सीमालकांचे तीन महिने गॅरेजात जातात. मारुतीने 2019 मध्ये जिप्सीची विक्री थांबवली, त्यामुळे जुन्याच गाड्या टिकवायच्या असतात. चॅसीचा गंज, पाट्यांची (स्प्रिंगच्या) दुरुस्ती, सीटचे कापड हे सगळे याच दिवसांत होते. रिसॉर्टमध्ये गवती छपरे शाकारणे, रंगकाम आणि ओल लागलेल्या गाद्या वाळवणे यासाठी मोजकी माणसे राहतात. बाकीच्यांना बिनपगारी रजा मिळते किंवा निम्मा पगार, हे मालकावर अवलंबून. बाहेरून आलेले कर्मचारी गावी जातात. निसर्ग-मार्गदर्शकांतील काही जण सह्याद्रीतील आंबोली, आगुंबेकडे बेडूक-सापांच्या पावसाळी सहली घेतात. ज्यांचे नाव झाले आहे ते पाहुण्यांना घेऊन केनियातील मसाई मारात जातात, कारण तिथले रानम्हशीसारख्या दिसणाऱ्या विल्डबीस्टचे स्थलांतर नेमके जुलै ते ऑक्टोबरमध्ये असते. एकाच जंगलात काम करणाऱ्या दोघांचे पावसाळे किती वेगळे असू शकतात, हे येथे दिसते.

मार्च 2020 मध्ये करोनामुळे उद्याने अचानक बंद झाली. भर उन्हाळ्याचा हंगाम गेला आणि त्याला लागूनच नेहमीची पावसाळी बंदी आली. ज्यांनी शेती सोडून दिली नव्हती, ती घरे त्यातल्या त्यात तगली.

श्रावण अमावास्येचा पोळा आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा या बंदीतच येतो, त्यामुळे सगळे गाव घरी असते. त्यानंतर रस्त्यांची डागडुजी सुरू होते, गणवेश धुतले जातात आणि 1 ऑक्टोबरला द्वार उघडते. पण हलका धान याच सुमारास कापणीला येतो आणि दिवाळीची गर्दीही. मग पहाटेची फेरी करून आलेला चालक दुपारची फेरी सुटण्याआधी तास-दोन तास बांधीत वाकून कापणी करतो.